महापौर केझायाचं कुंपण

ग्रॅनबी बेंड, इंडियाना
२७ एप्रिल १८६३

आदरणीय डॉर्कसताईंना एल्कनाचा नमस्कार.

तुमचं पत्र, सोबतचे काळ्या चौकटीचे कागद आणि वर्तमानपत्राचं कात्रण, तिन्ही नीट पोचली. तुमचा खोकला व्हरमाँटच्या बर्फाबरोबर ओसरला असेल अशी आशा करतो. चि. एनॉसची व्हर्जिनियाच्या छावणीतून पत्रं येत असतीलच. लढाईच्या बातम्या इकडे तारेनं येतात, पण त्यातल्या निम्म्या दुसऱ्या दिवशी मागे घेतल्या जातात, तेव्हा तो खुशाल आहे हे तुमच्याकडूनच कळावं. माझी प्रकृती बरी आहे. जेवण जातं. (का जातं ते पुढे येईल.) तुमच्या सूचनेप्रमाणे आरसे झाकले आहेत, टोपीला काळी फीत लावली आहे आणि केझाया गेली त्या वेळेवर दिवाणखान्यातलं घड्याळ थांबवलं आहे. घड्याळ थांबवल्यामुळे बियाण्याचं दुकान उघडायला उशीर झाला असता, पण हल्ली मी दुकान उघडतच नाही, म्हणून अडचण आलेली नाही. बायकोच्या दुखवट्याला पहिले काही महिने कागदाची चौकट एवढी जाड लागते हे तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. मध्ये लिहायला जागा थोडी उरते, म्हणून अक्षर बारीक काढतो आहे. डोळ्यांना त्रास झाल्यास क्षमा असावी.

आता कात्रणाबद्दल. "पश्चिमेकडील एका शहरात मृत स्त्रीची महापौरपदी निवड" या बातमीशेजारी तुम्ही पेन्सिलीनं "ही आमची केझाया नव्हे ना?" असं लिहिलं आहे. आमचीच आहे. अंत्यविधी गाजावाजा न करता, घरच्या घरी करावा अशी तुमची तार वेळेवर पोचली होती आणि मी बेतही तसाच केला होता. तो का बिघडला हे सांगायचं तर डुकरांपासून सुरुवात करावी लागेल. पत्रात डुकरं फार येतील. दुखवट्याच्या कागदावर ती शोभत नाहीत हे मला कळतं, पण माझ्याकडे दुसरा कागद उरलेला नाही.

आमचं गाव तीन वर्षांपूर्वी सनद मिळून शहर झालं. डुकरांना हे कोणी सांगितलं नाही. ती पूर्वीसारखीच रस्त्यानं हिंडतात, चर्चच्या पायऱ्यांवर झोपतात आणि ओढा ओलांडून कबरस्तानात जातात, कारण तिथली माती भुसभुशीत असते. बहुतेक सगळी लेम्युएल स्टॅग यांची. त्यांचा डुकराचं मांस खारवून पिंपांत भरण्याचा कारखाना आहे आणि लढाई सुरू झाल्यापासून ती पिंपं थेट सैन्याला जातात. आमची टॅबिथा त्या कबरस्तानात आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. (तुम्ही तिच्यासाठी विणलेली टोपी केझायानं शेवटपर्यंत जपली. अजून कपाटात आहे.) टॅबीच्या कबरीवर लावलेली फुलझाडं डुकरांनी दोनदा उकरली, तेव्हापासून केझाया शहराच्या सभेकडे कुंपणाची मागणी करत होती. सनदेत स्पष्ट लिहिलं आहे की शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक कबरस्तानाला शहरानं डुक्कर शिरणार नाही असं कुंपण घालावं. दर वर्षी सभेचं एकच उत्तर येई: कलम खरं आहे, पण हद्द ओढ्यापाशी संपते आणि कबरस्तान ओढ्यापलीकडे आहे. ती मग जिल्ह्याच्या कचेरीत जाई. ते म्हणत, मेलेली माणसं तुमच्या शहरची, आम्ही का कुंपण घालावं?

केझायाचा स्वभाव तुम्ही जाणताच. मी गप्प बसतो, ती बसत नसे. एकदा भर बाजारात तिनं स्टॅगसाहेबांना गाठलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्या डुकरांचं माझ्या लेकीच्या उशाशी काय काम आहे?"

"बाई, त्याला डुक्कर म्हणू नका," स्टॅगसाहेब टोपी काढून म्हणाले. "ती सैन्याची शिदोरी आहे. तिला काठी मारणं म्हणजे बंडखोरांना मदत करणं."

"मग तुमच्या शिदोरीला सांगा, सैन्य दक्षिणेला आहे. कबरस्तान उत्तरेला."

बाजार हसला, पण कुंपण झालं नाही. स्टॅगसाहेब युनियन पक्षाचे, म्हणजे लढाई शेवटपर्यंत लढा म्हणणारे. दुसऱ्या पक्षाकडे जावं तर तिथे पेलेग होबर्ट वकील. हे शांततावादी डेमोक्रॅट, म्हणजे दक्षिणेशी तडजोड करून लढाई थांबवा म्हणणारे. (इकडे त्यांना सगळे फुरशी म्हणतात, गवतात दडून चावणारी. होबर्टना ते आवडत नाही, पण तेही हल्ली सवयीनं ऐकून घेतात.) त्यांचं म्हणणं असं की डुकराला कुंपण घालणारं सरकार उद्या माणसालाही घालेल. मोकळं डुक्कर ही मोकळ्या देशाची खूण आहे. एवंच, दोन पक्षांचं लढाईपासून करापर्यंत एकाही बाबतीत पटत नव्हतं, फक्त केझायाला कुंपण द्यायचं नाही यावर एकमत होतं.

मार्चअखेरीस गारठ्यात पाऊस पडत असताना ती झाडू घेऊन ओढ्यापलीकडे गेली आणि भिजून परत आली. पुढचं मी तारेनं आणि नंतर पत्रानं कळवलंच आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी पहाटे, ती गेली. शुद्धीत होती. शेवटचं बोलली ते म्हणजे, "मला टॅबीजवळ ठेवा, पण तिथे लक्ष ठेवा." मी हो म्हटलं. ताई, या पत्रात मी जे जे केलं असं तुम्हांला दिसेल ते सगळं या एका हो साठी केलं आहे. तेव्हा रागावण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

ईस्टरच्या रविवारी पाद्रीबाबा दफन करत नाहीत, म्हणून सोमवार ठरला. सोमवारीच महापौराची निवडणूक होती, स्टॅगसाहेब विरुद्ध होबर्ट, पण ते माझ्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं. रिवाजाप्रमाणे मी शनिवारीच छापखान्यात जाऊन निमंत्रणाची कार्डं छापायला दिली. (छापखाना पाचशेच्या खाली छापत नाही, म्हणून पाचशे घ्यावी लागली.) काळी चौकट, मध्ये तिचं नाव, खाली "दुपारी दोन वाजता, मेथडिस्ट चर्च, उपस्थितीची आदरपूर्वक विनंती". आता चौकटीबद्दल. छापखान्यात पूर्वी वेलबुट्टीचे, गरुडांचे, चांदण्यांचे असे नक्षीचे शिशाचे छापायचे खिळे पुष्कळ होते. गेल्या उन्हाळ्यात केंटकीकडून हल्ला होणार अशी आवई उठली तेव्हा होमगार्डला शिसं कमी पडलं, आणि छापखानेवाल्यानं देशभक्तीच्या भरात सगळी नक्षी वितळवून गोळ्या ओतल्या. (हल्ला झाला नाही. गोळ्या एका दारू गाळणाऱ्याच्या गोठ्यावर झाडल्या गेल्या.) एकच चौकट राखून ठेवली होती, दुखवट्याची, कारण ती रोज लागते. म्हणून स्टॅगसाहेबांच्या युनियन पक्षानं आपल्या मतदानाच्या चिठ्ठ्यांना ठळक, दुरून ओळखू येईल अशी चौकट मागितली, तेव्हा त्यांनाही तीच मिळाली. पक्षाला ती पसंत पडली. हुतात्म्यांचं स्मरणही होतं, म्हणाले.

चिठ्ठ्यांचा प्रकार तुमच्याकडेही असाच असेल, पण इकडे पक्षच चिठ्ठ्या छापतो, मतदाराच्या हातात देतो आणि मतदार ती घडी घालून पेटीत टाकतो. दुसऱ्या पक्षानं नकली चिठ्ठ्या काढू नयेत म्हणून मतदान सुरू होईपर्यंत पुडकी सीलबंद ठेवतात. तिसऱ्या वॉर्डात सगळे जर्मन. त्यांना वाचता येत नाही असं नाही, माझ्यापेक्षा अधिक वाचतात, पण जर्मन. इंग्रजी चिठ्ठी ते रूपावरून ओळखतात. यंदा त्यांना सांगून ठेवलं होतं: पिवळी ती होबर्टची, काळ्या चौकटीची ती आपली.

तिसऱ्या वॉर्डाचे प्रमुख म्हणजे बेकरीवाले गॉटलीब नुसबाउम. मोठा मायाळू माणूस. शनिवारी संध्याकाळी ते चिठ्ठ्या न्यायला आणि मी कार्डं न्यायला एकाच वेळी छापखान्यात गेलो. दोघांचीही पुडकी एकाच कागदात, एकाच सुतळीनं बांधलेली. मला पाहून नुसबाउमना भरून आलं. त्यांच्यात सांत्वनाला हात हातात घेतात तो एका हातानं चालत नाही, दोन्ही हातांनी घ्यावा लागतो. म्हणून त्यांनी आपलं पुडकं टेबलावर ठेवलं. माझा एक हात त्यांच्या दोन हातांत गेल्यावर दुसरा मोकळा ठेवणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मीही माझं ठेवलं. बराच वेळ आम्ही तसे उभे होतो. मग त्यांनी एक पुडकं उचललं आणि मी एक उचललं.

मी ते न सोडता चर्चच्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे दिलं. त्यानं सोमवारी सकाळी घरोघर कागद वाटले. त्याची दृष्टी अधू आहे. त्याला काळी चौकट तेवढी दिसते आणि एरवी तेवढी पुरते. अशा रीतीनं आमच्या निवडक स्नेह्यांना, ऐन दुखवट्यात, माझ्याकडून "महापौरपदासाठी लेम्युएल स्टॅग" असा कागद गेला. डेमोक्रॅट स्नेही संतापले आणि अंत्यविधीला यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. युनियनवाले स्नेही म्हणाले, एल्कना प्रूइटनं दुःखातसुद्धा कर्तव्य सोडलं नाही. तेही आले नाहीत, मतदानाला गेले. तिकडे तिसऱ्या वॉर्डात सूर्य उगवल्यापासून नुसबाउम दारात उभे राहून केझायाच्या अंत्यविधीची निमंत्रणं प्रत्येकाच्या हातात देत होते आणि ओरडत होते, "काळी चौकट, भावांनो! घडी घाला आणि टाका, कोणाला दाखवू नका!"

कोणी कोणाला दाखवली नाही. पण शिस्तीची माणसं. एकदोघांनी आठवण म्हणून जास्तीची चिठ्ठी घरी नेली आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलीबाळींकडून वाचून घेतली. तिच्यात आदरपूर्वक विनंती होती. आपल्याला एवढ्या मानानं बोलावलं आहे म्हटल्यावर न जाणं बरं दिसत नाही, असं वॉर्डभर झालं. दोन वाजता, ज्या चर्चमध्ये मी दहा-बारा माणसांची अपेक्षा करत होतो, तिथे तिसरा वॉर्ड बायकामुलांसह आणि पितळी बँडसह आला. मी त्यांतल्या फारच थोड्यांना ओळखत होतो. बँडला एकच संथ चाल येत होती, ती त्यांनी ओढ्यापर्यंत वाजवली. ताई, गाजावाजा झाला तो असा. केझायाला तो आवडला असता की नाही हे मी अनेकदा मनाशी तपासून पाहिलं. मला वाटतं, ती आधी चिडली असती आणि मग किती लोक आले ते मोजलं असतं.

मतमोजणी संध्याकाळी झाली. मी तिथे नव्हतो, पण असं सांगतात की तिसऱ्या वॉर्डाची पेटी उघडल्यावर पहिली काही कार्डं पाहून मोजणारे टोप्या काढून उभे राहिले. पुढे तेच निघत गेलं तेव्हा खाली बसले. तिसरा वॉर्ड सर्वांत मोठा. हिशेब असा झाला की केझाया पहिली, होबर्ट दुसरे, स्टॅग तिसरे. (पहिल्या वॉर्डाच्या पेटीतही तिचं एक कार्ड निघालं. त्या वॉर्डात सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं, त्यामुळे ते कसं आलं याचा उलगडा कोणाला झाला नाही. मी पहिल्या वॉर्डात मत देतो. छापखान्यानं दाखवलेला कार्डाचा पहिला नमुना माझ्या खिशात होता आणि त्या सकाळी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)

खरी गुंतागुंत इथून पुढे. तिची मतं बाद धरली तर होबर्ट महापौर होणार. म्हणून युनियन पक्षानं एका रात्रीत असं ठरवलं की तिची मतं बाद धरता येणार नाहीत. ती रीतसर निवडून आली. दुर्दैवानं तिचं देहावसान झालेलं असल्यामुळे जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा सभेनं भरायची असते. सभेत बहुमत युनियनचं. कोणाला बसवायचं हे सांगायला नको. होबर्ट हसले आणि म्हणाले, हा अंत्यविधी आहे, निवडणूक नव्हे. त्यावर नुसबाउम बिथरले. ते म्हणाले, "माझ्या वॉर्डानं मत दिलं ते दिलं. परत मागायला ती काय उसनी नेलेली परात आहे? बाई चांगली होती. तुम्हां दोघांपेक्षा बरी होती."

या सर्व काळात मी ओढ्यापलीकडे होतो. अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिथे गेलो तर ताज्या मातीत एक डुकरीण पुढचे पाय रोवून उभी होती. कानाला स्टॅगसाहेबांची खूण. मी तिला हाकललं. ती अक्रोडाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथून माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर मी दुकान बंद केलं, स्वयंपाकघरातली खुर्ची तिकडे नेली आणि केझायाची छत्री घेऊन उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बसू लागलो. छत्री उघडली की डुकरं बिचकतात, हे ती नेहमी सांगत असे. खरं आहे. अंधार पडल्यावर ती झोपतात, म्हणून मी घरी येत असे. घरी शेजाऱ्यांनी दुखवट्याचं जेवण ठेवलेलं असे. दुखवट्याला इकडे हॅम द्यायची पद्धत आहे, म्हणजे खारवून धुरी दिलेली डुकराची अख्खी तंगडी. माझ्याकडे अकरा आल्या. दिवसभर डुकरं हाकायची आणि संध्याकाळी डुक्कर खायचं, असा क्रम चालला होता. जेवण जातं असं वर लिहिलं ते यामुळे. त्यात थोडा सूडही असावा.

स्टॅगसाहेब तिथेच मला भेटायला आले. चिखलात बूट रुतत होते तरी आले. टोपी छातीशी धरून त्यांनी सांगितलं की केझायाबाई या शहराचं भूषण होत्या. एवढ्यात त्यांच्या डाव्या बाजूनं तीच डुकरीण पुढे सरकली. मी छत्री उघडली. स्टॅगसाहेब मागे उडाले.

"एल्कना, उद्या सभेपुढे ये आणि एवढंच सांग की तिनं पद स्वीकारलं असतं."

"मी इथून हलू शकत नाही," मी म्हटलं. "ती बघा."

त्यांनी डुकरिणीकडे पाहिलं. डुकरिणीनं त्यांना ओळखलं असावं. (ती जरा पुढे आली.) मी विचारलं, कुंपण घालता का? त्यांचा चेहरा पडला. कुंपण हा सैन्याच्या पुरवठ्याचा प्रश्न आहे, हद्दीचा प्रश्न आहे, असं पुष्कळ बोलले. शेवटी तोड निघाली ती अशी की सभा चालू असेपर्यंत होमगार्डचा एक शिपाई बंदूक घेऊन कबरीवर पहारा देईल. म्हणजे स्टॅगसाहेबांच्या डुकरांपासून कबर राखायला स्टॅगसाहेबांनीच सशस्त्र पहारा दिला. लढाई सुरू झाल्यापासून आमच्या होमगार्डला मिळालेलं हे पहिलं खरं काम. शिपाई खूश होता.

थोड्या वेळानं होबर्ट वकीलही येऊन गेले. त्यांना मी एवढंच सांगावं असं वाटत होतं की केझायाला राजकारणात रस नव्हता. मी त्यांनाही कुंपणाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "प्रूइट, तुझं दुःख मी समजतो, पण तत्त्व ते तत्त्व." मग तत्त्वाला बिलगून ते पुलावरून परत गेले. त्यांच्यामागे दोन तत्त्वं शेपूट हलवत गेली.

सभा टाऊन हॉलमध्ये भरली. वरच्या सज्जात सगळ्या बायका येऊन बसल्या होत्या, दोन्ही पक्षांच्या, काळे कपडे घालून. होबर्टनी तीन मुद्दे काढले. पहिला, बाई हयात नाहीत. त्यावर चिटणिसानं सनद वाचून सांगितलं की महापौर हयात असावा असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही. दुसरा, सनदेत "व्यक्ती" हा शब्द आहे, आणि होबर्टनी सभेला सवाल केला, "बाई ही व्यक्ती आहे का?" सभासदांनी एकदा वर सज्जाकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे पाहिलं. खुद्द होबर्टबाईंनी वरून घसा खाकरला. वकिलांनी मुद्दा मागे घेतला.

"माझा आक्षेप बाईंवर नाहीच," ते म्हणाले. "पत्त्यावर आहे. महापौर शहराचा रहिवासी असला पाहिजे. सोमवारी सकाळी त्या रहिवासी होत्या, मान्य. पण मतदान चालू असतानाच, दुपारी, त्यांनी शहर सोडलं. बँड लावून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आज त्या ओढ्यापलीकडे राहतात."

मग त्यांनी मला उभं केलं. कायद्याप्रमाणे माणूस तात्पुरता बाहेरगावी गेला तर रहिवासी राहतो, परत यायचा विचार नसेल तर नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि विचारलं, "श्री. प्रूइट, आपल्या पत्नीचा परत येण्याचा विचार होता का?"

मी थोडा विचार केला. "माझ्याजवळ तसं काही बोलली नव्हती," मी सांगितलं.

सज्जात कोणी तरी हुंदका दिला. स्टॅगसाहेबांना वाटलं आपण हरलो. ते उठले, आपल्या सभासदांना कोपऱ्यात घेऊन गेले. कुजबुज झाली, आणि परत येऊन त्यांनी ठराव मांडला की शहराची वाढ लक्षात घेता हद्द ओढ्यापलीकडे, कबरस्तान धरून, वाढवण्यात यावी आणि ही वाढ निवडणुकीच्या आदल्या शनिवारपासून लागू समजावी. हात वर झाले. ठराव पास. म्हणजे केझायानं शहर सोडलंच नव्हतं. ती निवडून आली, तिची जागा रिकामी झाली आणि त्याच बैठकीत सभेनं ती लेम्युएल स्टॅग यांना दिली. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, हातात छत्री होती.

होबर्ट वकील मात्र बसले नाहीत. मला वाटतं, हरल्यावर ते अधिक चांगलं बोलतात. "महापौरांचं अभिनंदन," ते म्हणाले. "कबरस्तान आता हद्दीत आलं. चिटणीस, ते कुंपणाचं कलम जरा वाचा. दर वर्षी आपण प्रूइटबाईंना वाचून दाखवत होतो ते."

चिटणिसानं वाचलं. डुक्कर शिरणार नाही असं कुंपण, विनाविलंब, महापौराच्या व्यक्तिगत जबाबदारीवर. सभागृहात इतकी शांतता पसरली की बाहेर खिडकीखाली घोरणाऱ्या एका शिदोरीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग वरच्या सज्जातून टाळी पडली. ती कोणाची हे मी पाहिलं नाही. नंतर सगळ्याच बायका वाजवू लागल्या आणि खाली नुसबाउमनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. या वेळी माझ्याकडे खाली ठेवायला फक्त छत्री होती, ती मी काखेत घेतली.

कुंपण चांगलं झालं आहे. ओकचे खांब, फळ्यांत हात जाणार नाही इतकी फट. होमगार्डनं खड्डे खणले. टॅबी आणि तिची आई, दोघी आत आहेत. शनिवारी उजाडताना मी जे हो म्हटलं होतं, ते माझ्या हातून कमी आणि तिच्याच हातून अधिक पुरं झालं, हे मी जाणतो. बाकी निरोप काही नाही. एनॉसला आशीर्वाद सांगावा. कात्रण परत पाठवत नाही, ठेवून घेतो आहे.

टोपीला काळी फीत लावूनच हे लिहिणारा,
तुमचा मेहुणा
एल्कना प्रूइट

ता. क. खरं तर पत्र लिहायला बसलो ते एका विनंतीसाठी, ती राहिलीच. पाथरवट दगड घेऊन खोळंबला आहे. त्यावर नाव आणि मृत्यूचं साल कोरून झालं. जन्माचं साल मला माहीत नाही. लग्नाच्या वेळी केझायानं एक सांगितलं होतं, पुढच्या शिरगणतीला दुसरं, आणि गेल्या शिरगणतीला ती त्या दोन्हींपेक्षा लहान निघाली. घरच्या बायबलच्या पानावर नोंद असणार आणि ते बायबल तुमच्याकडे आहे. मागे मी विचारलं तेव्हा त्या पानावर शाई सांडल्याचं तुम्ही कळवलं होतं. ती जरा पुसट झाली असेल तर पाहावं. तुम्ही तिच्याहून मोठ्या, तेव्हा एकीचं साल उघड झालं की दुसरीचं आपोआप होतं, ही अडचण मी समजतो. उत्तर वाचून लगेच जाळून टाकीन. दगड व्हरमाँटहून कोणाला दिसणार नाही.

दुसरा ता. क. पाथरवट विचारतो, खाली "महापौर" असं कोरायचं का? नुसबाउम म्हणतात, कोराच, तिसरा वॉर्ड त्याबद्दल ठाम आहे. तुमचं मत कळवावं. अक्षरं लहान ठेवू.

तिसरा ता. क. कुंपणाची शेवटची फळी ठोकली गेली तेव्हा ती डुकरीण आतच राहिली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. आता कुंपण इतकं पक्कं आहे की ती बाहेर जाऊ शकत नाही, आणि फाटक माणसापुरतंच अरुंद केलं आहे. तेव्हा मी पूर्वीप्रमाणेच रोज सकाळी खुर्ची आणि छत्री घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत केझायाशेजारी बसतो. चार फळ्या काढून डुकरिणीला बाहेर काढायला माणसं पाठवतो, असं महापौर स्टॅग यांनी दोनदा कळवलं. घाई नाही, असं मी दोन्ही वेळा कळवलं आहे.